दिनविशेष : १२ मे
विरोधी बाकांवरून पंतप्रधानपदी

१९८७ : माल्टाचे विरोधी पक्षनेते एडी फेनेक अदामी यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. बिर्किरकारा येथे १९३४ मध्ये जन्मलेले हे वकील १९७७ मध्ये नॅशनलिस्ट पक्षाचे नेते झाले. १५ ऑक्टोबर १९७९ रोजी जमावाने त्यांच्या घरात घुसून मोडतोड केली. पत्नीलाही मारहाण झाली. १९८१ मध्ये त्यांच्या पक्षाला जवळपास ५१ टक्के मते पडली, पण मतदारसंघांच्या रचनेमुळे ६५ पैकी ३१ जागाच हाती लागल्या आणि मजूर पक्षाची सत्ता कायम राहिली. नॅशनलिस्ट सदस्यांनी संसदेवर बहिष्कार टाकला. अखेर १९८७ मध्ये घटनादुरुस्ती होऊन निम्म्याहून अधिक मते मिळवणाऱ्या पक्षाला जादा जागांची तरतूद झाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात निकाल पुन्हा तसाच, ३१ विरुद्ध ३४ लागला. या वेळी मात्र चार वाढीव जागांमुळे ३५ सदस्यांचे बहुमत झाले. १९९६ मध्ये सत्ता गेली, १९९८ मध्ये परतली. युरोपीय संघात जाण्याचा कौल त्यांनी २००३ च्या सार्वमतात मिळवला. २००४ ते २००९ या काळात ते राष्ट्राध्यक्ष होते.