जुनी गाणी किती जुनी?

मागच्या शुक्रवारची गोष्ट. रिलीज संपवून रात्री अकराला कॅबमध्ये बसलो. एफेमवर हळुवार जुन्या गाण्यांचा कार्यक्रम चालू होता. निवेदिकेने अगदी मखमली आवाजात 'गुजरा हुआ जमाना' वगैरे प्रस्तावना केली आणि लागलं काय, तर मी सहावीत असताना गाजलेलं गाणं! म्हणजे अजून तिशीही गाठली नाही तर आपण 'गुजरा जमाना' झालो?

शनिवारी वाशिमला आजीला फोनवर हे सांगितलं. ती हसली. "हे कायचं जुनं रे बाप्पा! जुनं म्हंजे तुह्या आबाच्या वक्ताचं."

म्हटलं, जरा शोधूया हा 'जुना' नक्की किती जुना असतो ते. आणि मग वीकएंड त्यातच गेला.

आबांच्या तरुणपणी, म्हणजे पन्नाशीच्या दशकात, विदर्भाचं आकाशवाणी केंद्र म्हणजे नागपूर. ते १९४८ सालचं. पण आबा ऐकायचे रेडिओ सिलोन. का? तर १९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांना हिंदी सिनेसंगीत म्हणजे उथळ गोंगाट वाटायचा. आकाशवाणीवर फिल्मी गाण्यांना कात्री लागली. निर्मात्यांशीही वाद झाला, कारण गाण्याबरोबर सिनेमाचं नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात, असं सरकारचं म्हणणं. शेवटी आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळपास गायबच झाली.

त्यांच्या जागी आकाशवाणीने स्वतःचं 'सुगम संगीत' तयार करून घ्यायला सुरुवात केली. शास्त्रीयाइतकं जड नाही, सिनेमासारखं उडतं नाही, असं मधलं काहीतरी. आजच्या भाषेत सरकारी सॉफ्ट फॉरमॅट! त्यातून चांगलंही निघालं हं. मराठीत भावगीत आधीपासून होतंच, त्याला रेडिओने घराघरात नेलं. १ एप्रिल १९५५ ला पुणे केंद्रावरून सुरू झालेलं गदिमा-बाबूजींचं 'गीतरामायण' हे त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण. छप्पन्न गाणी, दर आठवड्याला एक.

पण हिंदी गाण्यांचे श्रोते ऐकणार थोडेच! दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेले ताकदवान शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर सिलोनच्या हाती आले होते. ३ डिसेंबर १९५२ ला तिथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सयानींचा आवाज वाशिमपर्यंत पोचला. त्याच सिलोनवर सकाळी जुन्या गाण्यांचा कार्यक्रम असायचा आणि त्याचा शेवट ठरलेला, सैगलचं गाणं. सैगल गेले १९४७ साली. म्हणजे पन्नाशीतल्या माणसासाठी 'जुनं' हे जेमतेम दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं होतं. आपल्या एफेमपेक्षा फार वेगळं नाही!

आकाशवाणीलाही अखेर शहाणपण आलं. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली आणि सिनेसंगीत सन्मानाने परत आलं. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूरला तिच्यावर जाहिराती आल्या. ज्या गाण्यांना केसकरांनी उथळ म्हटलं, तीच पुढे रात्रीच्या 'छायागीत'मध्ये शांत, तरल म्हणून वाजू लागली. गाणी तीच. फक्त कालच्या पोरांचे आता आई-बाप झाले होते.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत साठ-सत्तरच्या दशकांत 'ब्यूटिफुल म्युझिक' नावाची स्टेशनं होती. व्हायोलिनच्या ताफ्यावर वाजवलेल्या धुना, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये ऐकू येतात तसल्या. श्रोते म्हातारे झाले. जाहिरातदारांना हवा २५ ते ५४ वयाचा माणूस. मग ऐंशीच्या दशकात यातली बरीच स्टेशनं 'सॉफ्ट अ‍ॅडल्ट कंटेम्पररी' झाली, आणि पुढे त्यांनीही सत्तरची गाणी हळूहळू कमी करून ऐंशी-नव्वदची घेतली. आपल्या भाषेत सांगायचं तर स्लायडिंग विंडो. एका टोकाला नवं दशक आत येतं, दुसऱ्या टोकाचं गळून पडतं.

आपल्याकडे खाजगी एफेम २००१ पासून आलं. लायसन्स फी अवाढव्य, त्यामुळे सगळे एकाच तरुण गिऱ्हाईकामागे आणि सगळीकडे तीच नवी गाणी. २००५ च्या धोरणाने वार्षिक फीऐवजी उत्पन्नाच्या ४ टक्के वाटा घ्यायचं ठरवलं. स्टेशनं वाढली. २०१५ च्या लिलावात एका कंपनीला एकाच शहरात दुसरी फ्रिक्वेन्सीही घेता आली. तेव्हा कुठे वेगळं काही करायला जागा झाली आणि २०१६ मध्ये दिल्ली-मुंबईत रेडिओ नशासारखं रेट्रो स्टेशन आलं. भर कशावर? सत्तर, ऐंशी, नव्वद. आबांचे सैगल खिडकीच्या बाहेर.

मला त्या एफेमचा राग नाही आला खरं तर. जाहिरातदाराच्या हिशोबात आजी बसतच नाही, कारण ती काही विकत घेत नाही. तिच्यासाठी विकत घेतो आम्ही. २०१७ साली सारेगामाने आत पाच हजार गाणी भरलेलं 'कारवां' आणलं. रेडिओने सोडून दिलेल्या लोकांसाठी नातवंडांनी घ्यायचा रेडिओ! मीही पहिल्या बोनसमधून आजीला घेऊन दिला. त्यात 'गीतमाला' आहे, अमीन सयानी आहेत. २०२४ मध्ये सयानी गेले, ती बातमीही मीच तिला फोनवर सांगितली होती.

परवा विचारलं, "आजी, कारवां लावते ना?"

"लावतो ना. गानी बेस हायेत. तो मानूसबी छान बोलते. पन आजचं काई सांगत नाई तो."

मला काही सुचेना. पाच हजार गाणी, सगळी तिच्या खिडकीतली. फक्त आज पाऊस पडला का, कुणी कुणासाठी फर्माईश केली, हे सांगणारं त्यात कुणी नाही. आबा गेल्यापासून घरातही नाही.

असो. पुढच्या शनिवारी वाशिमला जातोय. तुमच्या घरी रेडिओ कोण लावतं? आणि कुठल्या सालापर्यंतची गाणी?