झोपेतून उठलेला संगणक आणि काळी स्क्रीन

थ्रेड

१/ लॅपटॉप मिटावा आणि उघडताच काम जिथे थांबले तिथूनच पुढे चालू व्हावे, हे आज आपण गृहीत धरतो. लिनक्स वापरणाऱ्यांना मात्र या सोयीसाठी बरीच वर्षे वाट पाहावी लागली. संगणक जागा होई, पंखा फिरू लागे. स्क्रीन तेवढी काळीच राही. न साठवलेले काम रॅममध्ये शाबूत असे, पण दिसत नसे. शेवटी वीज बंद करून ते गमवावे लागे.

२/ १९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ‘एपीएम’ हे वीजव्यवस्थापनाचे मानक आणले. त्यात संगणकाला झोपवण्या-उठवण्याचा मुख्य भार बायॉसवर, म्हणजे मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेल्या मूळ आज्ञावलीवर होता.

३/ डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ‘एसीपीआय’ हे मानक प्रसिद्ध केले आणि सत्तांतर घडले. हा कारभार ऑपरेटिंग सिस्टीमकडे आला. यातील ‘एस३’ या निद्रावस्थेत रॅमची वीज चालू राहते. प्रोसेसर आणि बहुतेक उपकरणांची तोडली जाते.

४/ वीज गेली की ग्राफिक्स कार्ड आपली सारी मांडणी विसरते: रिझोल्यूशन किती, चित्र मेमरीत कुठे आहे, सगळेच. संगणक नव्याने सुरू होताना बायॉस कार्डावरील ‘व्हिडिओ बायॉस’ चालवून त्याला सज्ज करतो. एस३मधून उठताना मात्र तसे बंधन त्याच्यावर नव्हते. काही लॅपटॉपमध्ये ते काम होई, काहींत नाही.

५/ मग हे काम कर्नलने का केले नाही? कारण कार्डाची मांडणी कशी करायची, हे ज्ञान मुख्यतः ‘एक्स’ या चित्रप्रणालीच्या ड्रायव्हरांत होते आणि ते कर्नलबाहेर चालत. शिवाय अनेक कार्डांचे तपशील निर्मात्यांनी उघड केलेले नव्हते.

६/ या पोकळीत तोडगे निघाले. पावेल माखेक यांनी कर्नलच्या दस्तऐवजांत कोणत्या लॅपटॉपला कोणता उपाय चालतो, याची यादीच दिली. मॅथ्यू गॅरेट यांचे ‘व्हीबीईटूल’ उठल्यावर व्हिडिओ बायॉस पुन्हा चालवू शके. पण एका लॅपटॉपचा उपाय दुसऱ्यावर चालेलच, याची खात्री नव्हती.

७/ मार्च २००९ मध्ये लिनक्स २.६.२९ आले आणि इंटेलच्या ग्राफिक्ससाठी ‘कर्नल मोड सेटिंग’ दाखल झाले. आता स्क्रीनची मांडणी कर्नल स्वतः करू लागला आणि उठल्यावर ती स्वतःच पुन्हा उभी करू लागला. त्याच वर्षी २.६.३१ मध्ये रेडिऑन कार्डांना, तर फेब्रुवारी २०१० मध्ये २.६.३३ मधील ‘नूवो’ ड्रायव्हरमुळे एनव्हिडियाच्या कार्डांनाही ही सोय मिळू लागली. स्वतंत्र मेमरी असलेल्या कार्डांतील मजकूर झोपेआधी रॅममध्ये हलवण्याचे कामही कर्नलकडे आले.

८/ १९९६ मध्ये कारभार नव्या धन्याकडे गेला, पण ग्राफिक्सचे दप्तर त्याच्या हाती पडले नव्हते. ते पोहोचायला एक तपाहून अधिक काळ लागला.

(समाप्त)