एका दाराची 49 मिनिटं

(8 जून 2021च्या सगळ्या वेळा युटीसी आहेत. लंडनच्या घड्याळासाठी एक तास मिळवा, आपल्या घड्याळासाठी साडेपाच.)

साडेदहा वर्षं आधी

नोव्हेंबर 2010मध्ये मार्था लेन फॉक्स यांचं पत्र प्रसिद्ध झालं. ब्रिटनचे मंत्री फ्रान्सिस मॉड यांना लिहिलेल्या या पत्राचा गाभा असा, की सरकारचं इंटरनेटवरचं काम एकाच पत्त्याखाली आणा. तोवर तिथे प्रत्येक खात्याचं वेगळं संकेतस्थळ होतं. एखादी माहिती कुठे आहे हे कळण्यासाठी आधी ती कोणत्या खात्याच्या अखत्यारीत येते हे पुष्कळदा ठाऊक असावं लागे. पत्रातली सूचना शहाणपणाची होती आणि सरकारनं ती मानली, जे आपल्याकडे सहसा घडत नाही. 17 ऑक्टोबर 2012 रोजी 'गव्ह डॉट यूके' सुरू झालं आणि डायरेक्टगव्ह व बिझनेस लिंक ही दोन मोठी स्थळं त्यात विरघळली. 2014 संपेपर्यंत 300हून अधिक सरकारी संस्था या एका पत्त्यावर राहायला आल्या.

पत्ता एक असला तरी प्रोग्रॅम एक नव्हता. मागे डझनावारी स्वतंत्र ॲप्लिकेशनं होती: एक शोध सांभाळणारं, एक विषयांच्या याद्या दाखवणारं, एक प्रश्न विचारत विचारत उत्तरापर्यंत नेणारं. पाहुण्याला हे दिसत नाही. त्याला दिसतो डोमेन आणि पुढे तिरकी रेघ देऊन लिहिलेला मार्ग. कोणता मार्ग कोणत्या ॲपकडे जायचा हे ठरवायला गव्ह डॉट यूकेवाल्यांनी गो भाषेत 'राउटर' नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याच्या नोंदी दोनच प्रकारच्या: हा मार्ग तंतोतंत असाच असेल तर अमुककडे, किंवा मार्गाची सुरुवात अशी असेल तर तमुककडे.

ऐकायला सोपं वाटतं. हे काम ज्यांनी केलंय ते हसतील. कोणतंही ॲप आपण मुळाशीच राहतो अशा समजुतीत लिहिलेलं असतं. त्याला उचलून सबडिरेक्टरीत बसवलं की ते चित्रं मुळाशीच मागतं, लॉगिन झाल्यावर माणसाला मुळाशीच पाठवतं आणि तिथे भलतंच ॲप बसलेलं असतं. दोन ॲपच्या कुकींचं नाव 'सेशन' आणि दोन्हींचा मार्ग नुसती तिरकी रेघ, असं असेल तर एकात लॉगिन केलं की दुसऱ्यातून आपण बाहेर. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये 'प्रॉक्सी_पास'च्या पत्त्याशेवटी एक तिरकी रेघ लिहिली की मार्गाचा जुळलेला भाग कापला जातो, नाही लिहिली की तो तसाच पुढे जातो. या एका रेघेनं किती जणांच्या रात्री खाल्ल्या असतील! गव्ह डॉट यूकेवाल्यांनी कापाकापी टाळली. राउटर मार्ग जसाच्या तसा पुढे देतो आणि ॲपला आपला पूर्ण पत्ता ठाऊक असतो. स्टाइलशीट आणि स्क्रिप्टच्या फायलीही एकमेकींवर चढू नयेत म्हणून 'ॲसेट्स'च्या मार्गाखाली प्रत्येक ॲपच्या नावाचा वेगळा कप्पा. घर नीट लावलेलं होतं, हे आधीच सांगून ठेवतो.

या राउटरच्याही पुढे आणखी एक रिव्हर्स प्रॉक्सी होती, ती फास्टली या कंपनीची.

बाहेरचं दार

फास्टली 2011मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली. तिचा पाया व्हार्निश. नॉर्वेच्या 'व्हेर्डेन्स गांग' या वृत्तपत्राचं संकेतस्थळ वाचकांच्या गर्दीत तग धरावं म्हणून डेन्मार्कच्या पॉल-हेनिंग काम्प यांनी लिहिलेला आणि 2006मध्ये बाहेर आलेला हा प्रोग्रॅम. मूळ सर्व्हरसमोर उभं राहायचं, आलेली मागणी पाहायची, उत्तर आपल्याजवळ साठवलेलं असेल तर तिथूनच द्यायचं, नसेल तरच मागे जायचं. फास्टलीनं हे जगभरच्या डेटा सेंटरांत मांडलं, म्हणजे सीडीएन उभारलं, आणि ग्राहकाला स्वतःचे नियम लिहायची मोकळीक दिली. या मार्गाची मागणी त्या सर्व्हरकडे, ही कुकी काढून टाक, हे पान पाच मिनिटं साठव. नियम बदलला की काही सेकंदांत तो जगभर लागू होतो. फास्टलीची सगळ्यात मोठी जाहिरात हीच होती.

गव्ह डॉट यूकेनं एक शहाणी तजवीजही केली होती. संकेतस्थळाची स्थिर प्रत ॲमेझॉन आणि गूगल या दोघांच्या गोदामांत ठेवलेली. मूळ सर्व्हर कोसळले तर वाचकाला निदान ती जुनी प्रत मिळावी. मूळ सर्व्हर बंद आहे हे ओळखून प्रतीकडे वळायचा नियम लिहिला होता फास्टलीच्या कॉन्फिगरेशनमध्ये. मागची प्रत्येक खोली पडली तरी चालेल अशी सोय होती. दार मात्र पडणारच नाही, हे गृहीत धरलेलं होतं.

27 दिवस आधी, 12 मे 2021

फास्टली आपल्या यंत्रणेत नवं सॉफ्टवेअर बसवायला सुरुवात करते. त्यात एक बग आहे. एका विशिष्ट परिस्थितीत, एका विशिष्ट प्रकारच्या ग्राहक-कॉन्फिगरेशननंच तो जागा होतो. चाचण्यांत तो दिसला नाही. पुढचे 27 दिवस रोजची अफाट रहदारी त्याच्यावरून गेली, तरी तो दिसला नाही.

8 जून, पहाट

मंगळवार. जगात कुठेतरी फास्टलीचा एक ग्राहक आपल्या कॉन्फिगरेशनमध्ये बदल करायच्या बेतात आहे. त्याचं नाव कंपनीनं कधीच जाहीर केलं नाही आणि ते योग्यच केलं, कारण त्याची काही चूक नव्हती. बदल पूर्णपणे वैध होता, कंपनीनं पुढे 'व्हॅलिड' हाच शब्द वापरला. आपल्या घराचं कुलूप बदलायचा भाडेकरूला हक्क असतोच. त्यानं ते बदललं आणि वाड्याचा दिंडी दरवाजा अडकला, सगळ्या बिऱ्हाडांसकट.

9:47

फास्टलीच्या जाळ्याचा 85 टक्के भाग एरर देऊ लागतो.

न्यूयॉर्कमध्ये पहाटेचे पावणेसहा, कंपनीच्या गावी रात्रीचे पावणेतीन, लंडनच्या कचेऱ्यांत कामाची ऐन सकाळ, मुंबईत सव्वातीनचा चहा. गार्डियन, न्यूयॉर्क टाइम्स, सीएनएन, रेडिट, ट्विच बंद. ट्विटर चालू, पण त्यातल्या इमोजी गायब, कारण ती चित्रं वेगळ्या मार्गानं, फास्टलीकडून यायची. पांढऱ्या पानावर 'एरर 503 सर्व्हिस अनअव्हेलेबल', खाली यंत्राचा क्रमांक आणि त्याखाली 'व्हार्निश कॅश सर्व्हर'. नाव व्हार्निशचं, म्हणून त्या तासात त्या बिचाऱ्या प्रोग्रॅमलाही नसता बोल लागला असणार.

गव्ह डॉट यूकेही बंद.

इथे जरा थांबायला हवं. त्या क्षणी गव्ह डॉट यूकेच्या आत काहीही बिघडलेलं नव्हतं. राउटर जागा होता, त्याच्या नोंदी बरोबर होत्या, प्रत्येक ॲप आपापल्या मार्गावर वाट बघत होतं. ॲमेझॉन आणि गूगलकडच्या प्रती जागच्या जागी होत्या. त्यांच्याकडे वळायचा नियम फक्त बंद दारावर लिहिलेला होता. ब्रिटनमध्ये सरकारी सेवेचा प्रत्यक्ष व्यवहार बहुधा 'सर्व्हिस डॉट गव्ह डॉट यूके'खालच्या वेगळ्या सबडोमेनवर होतो, पण सेवेत शिरायचं सुरुवातीचं पान मुख्य डोमेनवरच असतं. त्यामुळे जी सेवा फास्टलीच्या मागे नव्हती ती चालू असली, तरी तिच्याकडे नेणारं पान मेलेलं.

आणि तो कोविडचा काळ आठवून बघा. 23 एप्रिलपासून भारत ब्रिटनच्या रेड लिस्टवर होता. आजारी वडिलांना बघायला पुण्याला आलेला आणि परत लंडनला जाऊ पाहणारा मराठी माणूस हॉटेल क्वारंटाइनचे नियम वाचायचा ते याच पत्त्यावर. गाडीचा कर, बँकेच्या सुट्ट्या आणि कोविडची चाचणी, तिन्ही त्याच दाराआड. एकाच पत्त्यावर सगळं आणण्याचा फायदा रोज मिळतो. त्याची किंमत अशा एखाद्या सकाळी एकरकमी चुकवावी लागते.

9:48

फास्टलीच्या देखरेख यंत्रणेला बिघाड कळतो, अवघ्या एका मिनिटात. हे कौतुकास्पद आहे. पण काहीतरी मोडलंय हे कळणं वेगळं आणि काय मोडलंय हे कळणं वेगळं.

9:58

कंपनीच्या स्टेटस पेजवर पहिली नोंद येते. सीडीएन सेवेच्या कामगिरीवर संभाव्य परिणाम झाला असून तपास चालू आहे, अशा अर्थाची. अर्धं जग 503 बघत असताना 'संभाव्य' लिहायला एक खास सरकारी धाटणीचा संयम लागतो.

बातमी द्यायची ती माणसंच बंद पडलेली. गार्डियनच्या पत्रकारांनी ट्विटरवरून बातमी चालवली. 'द व्हर्ज'नं गूगल डॉक्समध्ये बातमी लिहायला घेतली आणि तो दस्तऐवज कोणालाही बदलता येईल असा उघडा राहिला. वाचक आत शिरून आपापलं संपादन करू लागले तेव्हा तो घाईनं बंद करावा लागला. त्या सकाळची एवढीच करमणूक.

10:00 ते 10:27

ही सगळ्यात लांब 27 मिनिटं. जगभर एकाच वेळी एरर दिसली की पहिला संशय हल्ल्यावर जातो. ट्विटरवरही सायबर हल्ल्याची कुजबुज सुरू झाली होती. दुसरा संशय नुकत्याच केलेल्या डिप्लॉयवर जातो. या प्रसंगी दोष असलेलं सॉफ्टवेअर जवळजवळ महिनाभर जुनं होतं. त्याला जागं करणारा बदल एका ग्राहकाचा होता, आणि तोही कोणतीच तपासणी 'चूक' म्हणणार नाही असा. हजारो ग्राहक दिवसभर नियम बदलत असतात. त्यातला एक, निर्दोष, शोधून काढायचा.

अशा वेळी ग्राहकाच्या हातात काय असतं? दुसऱ्या कंपनीकडे दार आधीच तयार असेल, त्यावर आपलं प्रमाणपत्र असेल, सगळे मार्ग आणि नियम तिथेही लिहिलेले असतील, तर डीएनएस बदलून पाहुण्यांना तिकडे वळवता येतं. दुसरं दार नसेल तर बसून राहायचं. थेट मूळ सर्व्हरकडे रहदारी सोडायचा मोह होतो, पण एरवी बहुतेक मागण्या कॅशमधूनच परस्पर भागत असतात. तो सगळा लोंढा एकदम मूळ सर्व्हरवर गेला तर चालू असलेली एकमेव गोष्टही पडते.

10:27

कारण सापडतं. त्या ग्राहकाचं कॉन्फिगरेशन वेगळं काढून बंद केलं जातं.

10:36

सेवा सावरू लागतात. बिघाड सुरू झाल्यापासून 49 मिनिटांत जाळ्याचा 95 टक्के भाग पूर्ववत झाल्याचं कंपनी सांगते.

11:00

बहुतेक स्थळं परत आली आहेत, पण काम संपलेलं नाही. फास्टलीनं ग्राहकांना सावध केलं होतं, की सेवा परतताना मूळ सर्व्हरवर जास्त भार येईल. कॅश नव्यानं भरायची, म्हणजे नेहमी जे सर्व्हर आरामात असतात त्यांना आता जुन्या लोकप्रिय पानांसाठीही मागण्या येणार. सबडिरेक्टरीत बसलेल्या ॲपांना हा टप्पा अवघड जातो, कारण दहा ॲपांच्या मागण्या एकाच डोमेनवरून, एकाच वेळी येतात आणि त्यातलं सगळ्यात अशक्त ॲप आधी धाप टाकतं. दारापाशी प्रत्येक मार्गाला वेगळी मर्यादा घातलेली असेल तर शेजाऱ्याचा धक्का शेजाऱ्यापाशीच राहतो. पुष्कळ ठिकाणी ती घातलेली नसते.

12:35

बिघाड आटोक्यात येतो. नऊ मिनिटांनी स्टेटस पेजवर शेवटची नोंद.

17:25

मूळ बगवरचा इलाज जाळ्यावर बसवायला सुरुवात.

त्याच दिवशी कंपनीचे अभियांत्रिकी प्रमुख निक रॉकवेल यांनी खुलासा लिहिला. हेच रॉकवेल आधी न्यूयॉर्क टाइम्सचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी होते, म्हणजे दाराच्या दोन्ही बाजूंना राहून आलेला माणूस. खुलाशात सबबी नव्हत्या. परिस्थिती विशिष्ट होती हे खरं, तरी आम्ही ती आधीच ओळखायला हवी होती, असं त्यांनी मान्य केलं. ग्राहकांचे नियम एकमेकांपासून जास्त वेगळे ठेवण्यासाठी वेबअसेंब्ली या तंत्राचा आधार घेऊ, असंही लिहिलं. माझ्या मते त्या खुलाशातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ही दुसरी आहे. एका ग्राहकाचा वैध नियम शेजाऱ्याच्या घरातला दिवा घालवू शकतो, ही मांडणीतली चूक आहे. बग फक्त ती उघडी पाडतो.

एक पत्ता आणि अनेक मार्ग ही रचना या सगळ्यात दोषी ठरत नाही. सामान्य माणसासाठी ती आजही सगळ्यात सोयीची आहे. दोष इतकाच, की अडचणीच्या वेळची चावी त्याच दाराच्या आत टांगलेली होती. ज्यांच्या ऑफिसात, कॉलेजात किंवा नगरपालिकेत एका एन्जिनएक्समागे सात-आठ ॲप्स सबडिरेक्टरीत बसवलेली आहेत, त्यांनी आपली चावी कुठे टांगली आहे ते या आठवड्यात जाऊन बघावं. प्रॉक्सी बंद करून पाहिली तर बॅकअपचं पान उघडतं का, स्टेटस पेज वेगळ्या यंत्रावर आहे का, आणि प्रॉक्सीचं कॉन्फिगरेशन ज्या गिट सर्व्हरवर आहे तो त्याच प्रॉक्सीमागे तर नाही ना.

20:00

न्यूयॉर्कचा शेअर बाजार बंद होतो. फास्टलीचा शेअर त्या दिवशी सुमारे 11 टक्क्यांनी चढलेला असतो.