पोहरादेवीची माणसं कोणत्या रकान्यात?

रामनवमीच्या यात्रेत पोहरादेवीच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्यांच्या नंबरप्लेट वाचत गेलं, की दख्खनचा नकाशाच समोर येतो. महाराष्ट्राच्या गाड्या असतातच. पण तेलंगणाच्या, आंध्रच्या, कर्नाटकच्याही असतात. वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातलं हे गाव म्हणजे बंजारा समाजाची काशी. सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे, जगदंबेचं मंदिर आहे, आणि 2024 च्या ऑक्टोबरपासून नंगाऱ्याच्या आकाराचं संग्रहालयही आहे. गाड्यांतून उतरणारी माणसं एकमेकांशी गोरमाटीत बोलतात. आडनावं वेगळी दिसतात, कारण इकडे राठोड, पवार, चव्हाण, जाधव लावतात आणि तिकडे भुक्या, बानोत, धारावत. पण कूळ विचारलं की दोन मिनिटांत नातं लागतं.

सरकारी कागदावर मात्र हे लोक एक नाहीत. तेलंगणातून आलेला अनुसूचित जमातीचा, कर्नाटकातून आलेला अनुसूचित जातीचा, आणि महाराष्ट्रातला विमुक्त जाती (अ) प्रवर्गातला. माझी एक आत्या निजामाबादकडे दिलेली आहे. तिची मुलं एसटी, मी व्हीजे. इंजिनीअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी आम्ही भावंडांनी आपापले फॉर्म शेजारी ठेवून पाहिले होते, तेव्हा हसू आलं होतं. आता मी डेटाबेसवर काम करतो. एकाच माणसाच्या तीन विसंगत नोंदी सापडल्या तर आमच्याकडे पहिला प्रश्न असतो: नोंद कुणी, कधी आणि कशासाठी केली? बंजाऱ्यांच्या बाबतीत हा प्रश्न इतिहासाला विचारावा लागतो.

रेल्वे येण्याआधी दख्खनमध्ये मोठा माल बैलांच्या पाठीवरून जायचा. धान्य, मीठ, आणि लढाया असल्या की सैन्याची रसद. शहाजहानच्या काळात वजीर असफखानासोबत भंगी आणि जंगी नाईकांचे तांडे 1 लाख 80 हजार बैल घेऊन दक्षिणेत उतरले, अशी परंपरा वऱ्हाडातल्या बंजाऱ्यांनी सांगितली आणि ती लिहिली गेली. आकडा पटो न पटो, हजारो बैल पोसायचे तर चारा आणि पाणी जिथे असेल तिथे सरकत राहावं लागतं, हे उघड आहे. अशा माणसांना कायमचा पत्ता नसतो, आणि पत्ता नसलेल्या माणसाचं काय करायचं हे आधुनिक सरकारला कधीच नीट कळलेलं नाही.

ही परंपरा लिहून घेणारा माणूस कोण होता, तेही पाहण्यासारखं आहे. कंबरलेज नावाचा हा अधिकारी वऱ्हाडच्या पोलीस खात्यातला. त्याचा बंजाऱ्यांवरचा प्रबंध 1882 मध्ये पुन्हा छापला गेला, आणि 1916 मध्ये रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंडांचा ग्रंथ काढला, तेव्हा त्यातला बंजाऱ्यांवरचा लेख मुख्यतः त्याच प्रबंधावर उभा केला. त्याच 1882 सालात मेजर गंथॉर्पचं गुन्हेगार जमातींवरचं पुस्तक निघालं, तेही याच लेखाला पुरवलं गेलं. म्हणजे आमची कुळं, लग्नाचे विधी, देव, पंचायत यांची पहिली तपशीलवार नोंद पोलिसांच्या टेबलावर झाली. त्यातली माहिती बऱ्यापैकी चांगली आहे, हे मान्य करायला हवं. तांड्यातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेल्या अनेक गोष्टी तिथे सापडतात. पण ती ज्या कपाटात ठेवली होती, त्या कपाटावर ‘गुन्हेगार’ अशी पाटी होती.

1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर भारतात आला आणि 1911 च्या नव्या कायद्यानंतर देशभर लागू करता येऊ लागला. त्याआधीच, 1867 मध्ये, मुंबईची रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली होती. रेल्वेने धंदा नेला आणि काही प्रांतांत कायद्याने इज्जत नेली. बैल विकून तांडे माळरानाच्या, जंगलाच्या कडेला बसले. आज मानोरा, दिग्रस, पुसदच्या पट्ट्यात गावापासून थोडे अंतर राखून दिसणारे तांडे बरेचसे या बसण्याची खूण आहेत. पोहरादेवीच्या आसपास कुणबी, मराठा, बौद्ध, मुसलमान, आंध ही सगळी माणसं आधीपासून होती. आम्ही त्यांच्यासाठी नंतर आलेले, आणि ते आमच्या बोलीत ‘कोर’, म्हणजे गोर नसलेले.

तांडा कुठे बसला यावर पुढचं सगळं ठरलं. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं आणि पैनगंगा ही सरहद्द झाली. नदीच्या उत्तरेला पोहरादेवी, बाशिम, पुसद, म्हणजे इंग्रजी अंमल; दक्षिणेला हिंगोली, नांदेड, निजामाबाद, म्हणजे निजामाचं राज्य. बैलांना पैनगंगा कधीच अडली नव्हती. 1911 च्या जनगणनेत वऱ्हाडात सुमारे 80 हजार बंजारा नोंदले गेले आणि हैदराबाद संस्थानात 1 लाख 74 हजार. देशातली त्यांची सर्वांत मोठी वस्ती याच दोन शेजारी मुलखांत होती, मधे फक्त एक नदी.

स्वातंत्र्यानंतर 31 ऑगस्ट 1952 ला गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला आणि ‘विमुक्त’ हा शब्द जन्माला आला. महाराष्ट्राने या जमातींची यादी केली. 21 नोव्हेंबर 1961 ही त्या प्रवर्गाची मानीव तारीख. जात प्रमाणपत्रासाठी आजा-पणजाचा कागद त्या तारखेच्या आधीचा लागतो, म्हणून आमच्याकडे ती तारीख वाढदिवसासारखी पाठ असते. फिरत्या माणसाच्या नातवाकडे आजोबाच्या वास्तव्याचा पुरावा मागायचा, यातला विनोद अजून कुणा अधिकाऱ्याच्या लक्षात आलेला दिसत नाही. आंध्रातल्या सुगाळी-लंबाडींना 1956 मध्येच जमातीचा दर्जा मिळाला होता. तेलंगणातल्या लंबाड्यांना तो 1976 च्या कायद्याने मिळाला, कारण त्या कायद्याने एकाच राज्यातली प्रादेशिक बंधनं काढून टाकली. राज्याच्या सीमेपाशी मात्र तो कायदा थांबला.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, आणि ती आमच्या तांड्यात फारशी आवडत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये मराठा आरक्षणासाठी सरकारने हैदराबाद गॅझेटचा आधार घेतला, आणि लगेच बंजारा समाजाचेही मोर्चे निघाले: त्याच गॅझेटात आमची नोंद जमात म्हणून आहे, तर आम्हालाही एसटीत घ्या. मागणीमागची चीड मला समजते, कारण आत्याच्या घरी मी ती जवळून पाहिली आहे. पण शतकभरापूर्वीच्या इंग्रजी ग्रंथातला ‘ट्राइब’ हा शब्द आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद 342 मधली अनुसूचित जमात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेलंगणातल्या लंबाड्यांना दर्जा गॅझेटाने दिला नाही, संसदेने दिला. शिवाय वाशिम 1853 पासून निजामाच्या कारभारात नव्हतं. ज्या गावाला आम्ही काशी मानतो, तेच गाव त्या गॅझेटाच्या बाहेर पडतं. आणि पलीकडे, आदिलाबादच्या गोंडांनी 2017 मध्ये लंबाड्यांना यादीतून काढा म्हणून आंदोलन केलं, तेही विसरून चालणार नाही. यादी वाढली की वाटणी आक्रसते, ही त्यांची भीती पोकळ नाही.

मला यापेक्षा वेगळी गोष्ट जास्त खुपते. 1931 नंतर जनगणनेत फक्त अनुसूचित जाती आणि जमाती मोजल्या गेल्या. म्हणून 2001 मध्ये अविभाजित आंध्र प्रदेशात सुगाळी-लंबाडी सुमारे 20 लाख 78 हजार, राज्यातल्या आदिवासींच्या 41 टक्के, असं छापील सापडतं. महाराष्ट्रातल्या बंजाऱ्यांचा असा आकडा जनगणनेत नाही. समाधी जिथे आहे तिथेच मोजणी नाही. भाषेवरून काढावा म्हटलं, तर 2011 मध्ये लमाणी-लंबाडी सुमारे 33 लाख आणि बंजारी सुमारे 16 लाख, अशा दोन वेगळ्या मातृभाषा म्हणून नोंदल्या गेल्या आणि दोन्ही ‘हिंदी’च्या बेरजेत टाकल्या गेल्या. वास्तविक 1907 मध्येच ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणात या बोलीला स्वतःचं प्रकरण मिळालं होतं. वाशिम जिल्ह्याचा हिंदी भाषकांचा आकडा पाहून कुणाला वाटेल, इथे उत्तरेकडून बरेच लोक आले असावेत. ते आमचे आजी-आजोबा आहेत.

2027 च्या जनगणनेत जात नोंदली जाणार आहे, आणि इथे माझ्यातला प्रोग्रामर अस्वस्थ होतो. 2011 च्या सामाजिक-आर्थिक जात पाहणीत लोकांनी सांगेल तसं लिहून घेतलं. सर्वोच्च न्यायालयात केंद्राने 2021 मध्ये सांगितलं, की त्यातून 46 लाखांवर जातीनामं निघाली, एकट्या महाराष्ट्रात 4 लाख 28 हजार. बंजारा, गोर बंजारा, लमाण, लभाण, लंबाडा, मथुरा बंजारा, चारण बंजारा: एकाच तांड्यात तीन घरं तीन नावं सांगतील, आणि प्रत्येक नाव खरं असेल. कुणी ‘नाईक’ सांगेल, जो आडनावही आहे आणि तांड्याच्या प्रमुखाचं पदही. ही नावं एकत्र जोडायची यादी आधी बनवली नाही, तर नंतर कुठलाही प्रोग्राम ती जोडू शकणार नाही.

गेल्या दिवाळीत तांड्यावर हाच विषय निघाला. जातीच्या रकान्यात काय सांगायचं यावर नायक आणि कारभारी तासभर वाद घालत होते. मातृभाषेच्या रकान्याबद्दल कुणी बोललं नाही. मी विचारल्यावर काकी म्हणाली, तो मोजणारा मराठीत विचारतो, मग आम्ही मराठीच सांगतो.