ससा, पाळीव : नसबंदी आणि लसीकरण

घरात पाळला जाणारा ससा (ऑरिक्टोलॅगस क्युनिक्युलस) मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. पुणे जिल्ह्याच्या माळरानावरचा काळ्या मानेचा रानससा (लेपस नायग्रिकोलिस) ही वेगळीच प्रजाती. त्याला धरून पाळणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. ही नोंद पहिल्याविषयी.

हिंजवडीत राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या आसऱ्याने वाढलेली वस्ती बहुतांशी सदनिकांची, त्यातही भाड्याची. कुत्र्याला नाही म्हणणारा घरमालक सशाकडे सहसा काणाडोळा करतो. ससा भुंकत नाही. मग दुकानातून ‘जोडी’ आणली जाते. विकणारा दोन्ही माद्याच आहेत असे छातीठोकपणे सांगतो, पण आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लात नर-मादी ओळखताना जाणकारही चुकतात. चूक कळते ती दोन-तीन महिन्यांनी. मादी सोफ्यामागे तोंडात गवत धरून ये-जा करू लागते, स्वतःच्या छातीचे केस उपटून त्यावर अंथरते, आणि एका सकाळी त्या केसांच्या गादीत डोळे मिटलेली, अंगावर लव नसलेली पाच-सहा गुलाबी पिल्ले वळवळताना दिसतात. कधी गादी तयार होते आणि पिल्ले येतच नाहीत. हा खोटा गर्भ. तो १६ ते १८ दिवस टिकतो.

लहान चणीची मादी चौथ्या महिन्यात वयात येते, मोठ्या अंगाची पाचव्या-सहाव्यात. कुत्रीसारखा तिचा ठरावीक माज नसतो. नराशी संग झाल्यावर सुमारे दहा तासांनी बीज सुटते. गर्भकाळ ३० ते ३२ दिवसांचा, आणि व्याल्यावर काही तासांतच ती पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून नर-मादी भावंडे दहा-बारा आठवड्यांची झाली की वेगळी ठेवावीत. बहीण-भाऊ हे नाते सशांना कळत नाही.

नराचे वृषण दहा ते बारा आठवड्यांत खाली उतरतात. साडेतीन-चार महिन्यांपासून त्याची नसबंदी करता येते. त्या सुमारास तो पायांभोवती घुं-घुं करत गोल फिरू लागतो आणि सोफ्यावर, पडद्यावर मूत्राची पिचकारी मारतो. नसबंदीनंतर हे बरेचसे थांबते. मात्र शस्त्रक्रिया झाली म्हणून त्याला त्याच दिवशी मादीजवळ सोडू नये. पुढचे चार ते सहा आठवडे तो पिल्ले देऊ शकतो.

मादीच्या नसबंदीचे वय पाच-सहा महिने धरावे, आणि वर्ष उलटू देऊ नये. पुढे गर्भाशयाभोवती चरबी साठते व शस्त्रक्रिया अवघड होत जाते. खरे कारण मात्र पिल्ले नव्हेत, कर्करोग आहे. नसबंदी न केलेल्या माद्यांत चौथ्या वर्षानंतर गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण काही अभ्यासांत निम्म्याहून अधिक भरले आहे. एकट्या मादीला ‘गरज काय’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. लघवीत रक्त दिसणे ही त्याची एक खूण. पण काही पाल्यांमुळेही सशाची लघवी लालसर होते, तेव्हा तपासणीआधी घाबरू नये.

शस्त्रक्रियेआधी ‘आदल्या रात्रीपासून काही देऊ नका’ ही सूचना कुत्र्या-मांजरांची. सशाला उलटी होतच नाही, आणि उपाशी ठेवल्यास त्याचे आतडे मंदावते. ते थांबले तर ससा जातो. दवाखान्यात नेताना त्याचे गवत आणि कोथिंबीर बरोबर न्यावी. घरी आल्यावर टाक्यांइतकेच लक्ष लेंड्यांकडे हवे. बारा तासांत त्याने तोंड हलवले नाही तर डॉक्टरांना फोन करावा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. वेदनाशामक म्हणून मेलॉक्सिकॅम देतात. अमॉक्सिसिलिन तोंडाने दिल्यास आतड्यातले उपयुक्त जीवाणू मरून ससा दगावू शकतो. भूल देण्यापूर्वी कुत्र्या-मांजरांना वापरले जाणारे अॅट्रोपिन अनेक सशांच्या रक्तात झटपट मोडते. तेव्हा फी विचारण्याआधी ‘डॉक्टर, वर्षभरात किती सशांना भूल दिली?’ हे विचारावे. एप्रिल-मे शक्यतो टाळावा; सशाला घाम येत नाही, ३० अंशांपुढे तो हैराण होतो, आणि भूमकर चौकातल्या कोंडीत पिंजरा तापतो.

आता लस. ब्रिटनमधल्या सशाला पाच आठवड्यांपासून मिक्सोमॅटोसिस आणि रक्तस्रावी रोग यांविरुद्ध एकत्रित लस देता येते, आणि ती दरवर्षी घ्यावी लागते. कारण तिथल्या शेतांत रानटी ससे आहेत आणि रोग त्यांच्यात मुरलेला आहे. मिक्सोमॅटोसिसचा विषाणू देवी-कुळातला. ऑस्ट्रेलियाने १९५० मध्ये सशांच्या उपद्रवावर उपाय म्हणून तो मुद्दाम सोडला, आणि आजही तिथल्या पाळीव सशांना त्याची लस देण्यास परवानगी नाही. रक्तस्रावी रोग १९८४ मध्ये चीनमध्ये प्रथम दिसला, त्याचा दुसरा प्रकार २०१० मध्ये फ्रान्समध्ये. अमेरिकेत या दुसऱ्या प्रकारावरील लसीला २०२१ मध्ये तातडीची परवानगी मिळाली. तिचे दोन डोस तीन आठवड्यांच्या अंतराने देतात. सिंगापूरमध्ये २०२० मध्ये रक्तस्रावी रोगाचे रुग्ण आढळले.

भारतात पाळीव सशासाठी असा वार्षिक नित्यक्रम नाही आणि दवाखान्यांत या लसी ठेवलेल्या नसतात. हिंजवडीपासून जवळच औंधला राज्याची पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था आहे. २०२२ मध्ये जनावरांच्या लंपीवरील लसीच्या उत्पादनासाठी तिच्याशी करार झाला. लंपीचा विषाणूही देवी-कुळातलाच. पण तिथल्या लसी गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या आणि कोंबड्यांसाठी. कुत्र्याची ‘नाइन-इन-वन’ लस सशाला टोचण्याचा प्रश्नच नाही. कंपनीने तुम्हाला लंडनला पाठवले आणि तिथे ससा पाळला, तर मात्र लस चुकवू नये.

त्यामुळे इथल्या पिल्लाची पहिली तपासणी लसीसाठी नसून खरूज, कानातले किडे, हगवण आणि दात यांसाठी असते. पावसाळ्यात ओल्या पिंजऱ्यात खरूज लवकर पसरते. त्यावर आयव्हरमेक्टिन वजनानुसार डॉक्टरांनीच द्यावे. कुत्र्याच्या गोचिडांसाठी पाठीवर सोडायचे फिप्रोनिलचे थेंब सशाला विषारी आहेत. घरात दोन्ही प्राणी असतील तर ती डबी उंच कपाटात ठेवावी. ससा चावल्यास जखम साबणाने धुवावी. घरातल्या सशाच्या चाव्यानंतर रेबीजची लस घेण्याची वेळ क्वचितच येते.

पिल्ले जास्त झाली म्हणून मारुंजीच्या टेकडीवर ‘निसर्गात’ सोडून येणारे भेटतात. पिंजऱ्यात वाढलेला पांढरा ससा तिथे कुत्र्यांच्या किंवा घारींच्या तोंडी जातो, नाहीतर तहानेने मरतो. भुकेने-तहानेने हाल होतील अशा ठिकाणी जनावर टाकून देणे प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६०च्या कलम ११ खाली गुन्हा आहे.