पाहायचं एकट्याने, ठरवायचं सगळ्यांनी

1850 साली क्योनिग्सबर्गला विद्यार्थ्यांना शिकवायच्या तयारीत हेल्महोल्ट्झला डोळ्याच्या आत डोकावायची युक्ती सापडली: ऑफ्थॅल्मोस्कोप! माझ्यातल्या इंजिनिअरला त्यातली मेख मात्र खुपते. एका वेळी एकालाच दिसतं. शिष्याने काय पाहिलं, ते गुरूला कळावं कसं?

उत्तर आलं भलतीकडूनच. 1970 च्या दशकाअखेर ओक्लाहोमात व्यवस्थापन शिकवणाऱ्या लॅरी मायकेलसनचा वर्ग 40 वरून 120 वर गेला. त्याने गट पाडले. चाचणी आधी एकट्याने सोडवायची, मग तीच गटाने, वाद घालून. पुढे वैद्यकीय महाविद्यालयांनीही ही पद्धत उचलली.

लाल डोळा म्हणजे नुसते डोळे आलेत की अचानक उद्भवलेला काचबिंदू? इथे चुकलं तर दृष्टी जाऊ शकते. ती चूक वर्गातच, मित्रांशी भांडताना पकडली गेलेली बरी, नाही का?