उसना उजेड आणि घरचा दिवा

छायाचित्रांतील मुख आपण कोणाच्या उजेडांत पाहतों, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. १८८७ सालीं जर्मनींत मीटे व गेडिके यांनीं मॅग्नेशियमची क्षणांत पेटणारी पूड सिद्ध केली. हें वृत्त वाचून न्यूयॉर्कचा बातमीदार जेकब रीस गरिबांच्या अंधाऱ्या खोल्यांत शिरला. तव्यावर पूड पेटवितांना त्याच्या हातून दोनदां घरास आग लागली. परंतु १८९० सालच्या त्याच्या ग्रंथानें शहराची लाज चव्हाट्यावर आणली. हें ऋण मोठें खरें. तथापि त्या चित्रांतील कित्येक माणसें दचकलेलीं दिसतात, आणि त्यांच्या घरचा मंद उजेड लखलखाटांत बुडून जातो.

उपाय मात्र साधा आहे. लखलखाट निमिषांत संपतो. त्याचा वांटा भिंगाचें छिद्र व दिव्याचें अंतर यांवर ठरतो. घरचा उजेड पडदा उघडा असेपर्यंत सांचत राहतो. तेव्हां उसना उजेड थोडा आवरावा आणि पडदा किंचित् अधिक वेळ उघडा ठेवावा, म्हणजे मुख स्पष्ट होतें व घरही हरवत नाहीं. मनुष्यास त्याच्या दिव्यासह दाखविणें हें कौशल्याइतकेंच सौजन्याचें काम आहे, असें आमचें मत आहे.